बाटली क्रमांक ५३-एन : लस, इजा आणि भरपाईचा प्रश्न

१

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल या गावात प्लेगची लस टोचण्यात आली. त्या दिवशी १०७ माणसांनी ती घेतली. आठवडाभराने त्यांतल्या १९ जणांना धनुर्वाताची लक्षणे दिसू लागली आणि ते एकोणीसही जण मरण पावले. त्या दिवशी पाच बाटल्या उघडल्या होत्या. या एकोणीस जणांना मिळालेली लस एकाच बाटलीतली होती. तिचा क्रमांक ५३-एन. उरलेल्या चार बाटल्यांतून लस घेतलेल्या कोणालाही धनुर्वात झाला नाही.

ही बाटली भरली गेली होती मुंबईत, परळला. वॉल्डेमार हाफकीन हे ओडेसात जन्मलेले आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेले शास्त्रज्ञ ऑक्टोबर १८९६मध्ये मुंबईत आले. त्याच्या आदल्याच महिन्यात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेग ओळखला होता. हाफकीन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या अपुऱ्या जागेत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवर तिची चाचणी झाली. १८९९मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. आजची हाफकीन संस्था ती हीच.

परळ हे नाव कोकणातल्या माणसाला परके नाही. गिरणगावात राहून गिरण्यांत राबणारा मोठा वर्ग रत्नागिरी जिल्ह्यातला होता आणि आमचे विजयदुर्ग तेव्हा त्याच जिल्ह्यात होते. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तो १९८१मध्ये. १८९७च्या आरंभी प्लेगच्या भीतीने मुंबईची जवळपास निम्मी वस्ती शहर सोडून गेली. चाकरमान्यांनी गावाची वाट धरली. रोग, त्याची भीती आणि त्यावरची लस, तिन्हींची पहिली ओळख कोकणाला मुंबईच्या वाटेनेच झाली.

मुल्कोवालनंतर चौकशी बसली. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स तिचे प्रमुख होते. चौकशीपुढचा प्रश्न असा होता : धनुर्वाताचे जंतू बाटलीत शिरले कुठे, परळला की मुल्कोवालला? पंजाबातून लशीची मागणी प्रचंड वाढल्यामुळे हाफकीन यांनी उत्पादनाची पद्धत बदलली होती आणि पूर्वी लशीत घातले जाणारे कार्बोलिक आम्ल वगळले होते. चौकशीचा रोख परळकडे वळला. हाफकीन यांना प्रयोगशाळेचे प्रमुखपद सोडावे लागले. दुसरीकडे पुरावा असा होता की, मुल्कोवालला बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. शिवाय बाटली उघडली तेव्हा लशीला कसलाही वास आला नव्हता. धनुर्वाताचे जंतू आत आठवडेच्या आठवडे वाढत असते, तर दुर्गंधी आल्याशिवाय राहिली नसती.

चौकशीचे कागद सरकारने प्रसिद्ध केले ते १९०६च्या अखेरीस. मग रोनाल्ड रॉस यांनी हाफकीन यांची बाजू लावून धरली. जुलै १९०७मध्ये त्यांच्यासह दहा शास्त्रज्ञांचे पत्र लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये आले. नोव्हेंबरमध्ये हाफकीन निर्दोष ठरले. ते भारतात परतले, पण मुंबईला नाही, कलकत्त्याला. १९२५मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले.

हाफकीन यांच्यावर अन्याय झाला होता आणि तो दूर झाला, हे चांगलेच झाले. पण मुल्कोवालची आठवण उरली ती हाफकीन यांच्यावरील अन्यायाची कथा म्हणून. वाद चालला तो शास्त्रज्ञाच्या अब्रूचा. दोष परळचा ठरो वा मुल्कोवालच्या चिमट्याचा, एकोणीस घरांचे नुकसान तेवढेच राहणार होते. ते कोणी सोसायचे, हा प्रश्न चौकशीपुढे नव्हताच. लशीमुळे झालेल्या इजेविषयी आपण आजही बोलतो, तेव्हा ‘चूक कोणाची?’ हाच प्रश्न आधी विचारतो. माझ्या मते प्रश्नाची ही मांडणीच अपुरी आहे.

२

लस टोचण्याला मराठीत पूर्वी ‘देवी काढणे’ म्हणत. रोगही देवी आणि त्यावरचा उपायही देवीच. मुंबई इलाख्यात या उपायाचा आरंभ १४ जून १८०२ रोजी झाला. ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला मुंबईत लस टोचली गेली. ती लस बगदाद आणि बसरा या मार्गाने, एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर अशी आली होती. पुढे त्या मुलीच्या फोडातले द्रव्य इतरांना टोचले गेले. लस ही पहिल्या दिवसापासूनच एकट्याची गोष्ट नव्हती, ती अशी. एकाने टोचून घेतले की दुसऱ्याचे रक्षण होते.

नेमक्या याच कारणासाठी सरकार सक्तीकडे वळले. १८७७च्या कायद्याने मुंबई शहरात मुलांना देवी काढणे सक्तीचे झाले; १८९२मध्ये जिल्ह्यांसाठी कायदा आला. टाळाटाळ करणाऱ्या पालकाला दंड होता. प्लेगच्या लशीची मात्र अशी सार्वत्रिक सक्ती झाली नाही. प्लेगच्या काळातली सक्ती होती ती घरांच्या झडतीची, विलगीकरणाची आणि प्रवाशांच्या तपासणीची. त्यातून पुण्यात काय घडले, २२ जून १८९७च्या रात्री रँडवर गोळी का झाडली गेली, हे मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको.

या सगळ्या उपायांमागे साथरोग कायदा होता. फेब्रुवारी १८९७मध्ये झालेला हा कायदा अवघ्या चार कलमांचा. पहिल्या तीन कलमांत सरकारचे अधिकार आणि मोडणाऱ्याला शिक्षा आहे. चौथे कलम असे की, या कायद्याखाली सद्भावनेने केलेल्या किंवा करू घातलेल्या कोणत्याही कृत्याबद्दल कोणाविरुद्धही दावा वा कारवाई चालणार नाही. साथीच्या काळात धावपळ करणाऱ्या कर्मचाऱ्याला असे संरक्षण हवे, हे मान्यच करायला हवे. पण नागरिकाचा दरवाजा बंद करताना त्याच्यासाठी दुसरा कोणताच दरवाजा उघडलेला नव्हता. नंतर कोविडच्या काळात हाच कायदा पुन्हा बाहेर काढला गेला.

३

चूक नसली तरी इजा होऊ शकते आणि तिची भरपाई द्यावी लागते, हा विचार कायद्यात यायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडला. जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५३मध्ये देवीच्या लशीने इजा झालेल्या एका प्रकरणात जुन्या तत्त्वाचा आधार घेतला : समाजाच्या हितासाठी एखाद्याला इतरांपेक्षा जास्त त्याग करावा लागला, तर समाजाने त्याची भरपाई केली पाहिजे. १९६१मध्ये तिथे त्याचा कायदा झाला. फ्रान्सने १९६४मध्ये सक्तीच्या लशींसाठी अशीच तरतूद केली.

अमेरिकेतली वाट वेगळी. १९५५मध्ये कॅलिफोर्नियातल्या कटर कंपनीच्या पोलिओ लशीच्या काही साठ्यांत जिवंत विषाणू राहून गेला. मुलांना लशीतूनच पोलिओ झाला; काही दगावली, अनेक पांगळी झाली. न्यायालयात ज्यूरीने निकाल दिला, तो विलक्षण होता : कंपनीने निष्काळजीपणा केलेला नाही, तरीही तिने भरपाई द्यावी, कारण लस निर्धोक असल्याची हमी वस्तूबरोबरच दिलेली असते. या निकालाने कुटुंबांना न्याय मिळाला, पण पुढच्या तीस वर्षांत खटले इतके वाढले की एकेक कंपनी लशीच्या धंद्यातून बाहेर पडू लागली. मुलांना टोचायला लस उरेल की नाही, अशी वेळ आली. तेव्हा १९८६मध्ये कायदा झाला. प्रत्येक लशीच्या मात्रेवर, ती जितक्या रोगांविरुद्ध असेल तितक्यांदा, ७५ सेंटचा कर बसवण्यात आला. त्यातून निधी उभा राहिला. इजा झालेल्याने कंपनीची चूक सिद्ध करायची नाही. लशीमुळे इजा झाली एवढेच दाखवायचे. ठरावीक लशीनंतर ठरावीक मुदतीत ठरावीक इजा झाली, तर ती लशीमुळेच झाली असे धरून चालायचे. या निधीतून आजवर ५ अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम वाटली गेली आहे.

ब्रिटनमध्ये डांग्या खोकल्याच्या लशीवरून पालकांनी चालवलेल्या मोहिमेनंतर १९७९चा कायदा आला. सुरुवातीला रक्कम होती १० हजार पौंड; २००७पासून ती १ लाख २० हजार पौंड आहे. त्यासाठी गंभीर अपंगत्वाची अट आहे आणि ती फार कडक असल्याची तक्रारही आहे. अशा योजना असलेल्या देशांची संख्या दोन डझनांच्या घरात जाते. त्यांत जपान आणि दक्षिण कोरियाच नव्हेत, तर व्हिएतनामही आहे. तेव्हा ही केवळ श्रीमंत देशांची चैन आहे, असे म्हणता येत नाही.

४

आपल्याकडे काय आहे? लसीकरणानंतरच्या प्रतिकूल घटनांची नोंद ठेवणारी यंत्रणा आपल्याकडे जिल्ह्यापासून दिल्लीपर्यंत आहे. या समित्या घटनेचे कारण ठरवतात आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने तिला एका वर्गात बसवतात. पहिला वर्ग : लस चांगली होती, टोचणेही बरोबर होते, तरी लशीच्या स्वभावामुळे इजा झाली. दुसरा : लशीच्या दर्जात दोष होता. तिसरा : टोचणाऱ्याची चूक झाली. चौथा : सुईच्या भीतीने घेरी आली वा तत्सम. त्यापुढे अनिश्चित, योगायोग आणि अपुरी माहिती असे वर्ग येतात.

मुल्कोवाल या तक्त्यात तिसऱ्या वर्गात बसेल. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यात १२ बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात धुण्याचे सॅनिटायझर पाजले गेले, तेही तिसऱ्यातच. सुदैवाने मुले बचावली. अशा ठिकाणी चूक दिसते. कर्मचारी निलंबित होतात. खटला उभा राहू शकतो. पण पोलिओच्या तोंडी लशीमुळे लाखो बालकांत एखाद्यालाच होणारा पक्षाघात घ्या. डोस देणारी आशाताई चुकलेली नाही, कारखाना चुकलेला नाही, आईबाप तर नाहीतच. ज्या लशीने देशातून पोलिओ घालवला, तिचाच हा दुर्मीळ धर्म. हा पहिला वर्ग. कोविडच्या लशीनंतरचा पहिला मान्य झालेला मृत्यू याच वर्गात नोंदवला गेला : ८ मार्च २०२१ रोजी लस घेतलेले ६८ वर्षांचे गृहस्थ तीव्र ॲलर्जीने दगावले, असा निष्कर्ष केंद्रीय समितीने काढला.

म्हणजे सरकार आपल्या दप्तरात लिहिते की हा मृत्यू लशीमुळे झाला आणि यात कोणाचीही चूक नव्हती. भरपाई मागायला गेलेल्या माणसाला मात्र न्यायालय विचारणार, चूक दाखवा. ज्याच्या बाबतीत कारण सर्वांत स्पष्ट, त्याचाच दावा सर्वांत लंगडा. आपल्या व्यवस्थेतली खरी विसंगती ही आहे.

सर्वोच्च न्यायालयात मुली गमावलेल्या पालकांनी याचिका केली होती. तिच्यावर केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२२मध्ये प्रतिज्ञापत्र दिले. १९ नोव्हेंबरपर्यंत २१९.८६ कोटी मात्रा दिल्या गेल्या. प्रतिकूल घटना ९२,११४. त्यांतल्या गंभीर २,७८२, म्हणजे ०.०००१३ टक्के. हे प्रमाण खरोखरच अत्यल्प आहे आणि नोंदलेली प्रत्येक घटना लशीमुळेच घडली असेही नाही. पण सरकारने यातून काढलेला निष्कर्ष पाहण्यासारखा आहे : लस ऐच्छिक होती, धोक्यांची माहिती जाहीर होती, म्हणून सरकारवर दायित्व येत नाही; ज्यांना इजा झाली त्यांनी दिवाणी न्यायालयात निष्काळजीपणाचा दावा करावा. लस ऐच्छिक होती हे कागदावर खरे. पण त्याच दिवसांत मुंबईच्या लोकलचे तिकीट दोन मात्रांच्या प्रमाणपत्रावर मिळत होते. खुद्द सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२च्या निकालात कोणावरही लशीची सक्ती करता येणार नाही असे बजावले आणि लस न घेतलेल्यांवर घातलेले निर्बंध तेव्हाच्या परिस्थितीत प्रमाणशीर नाहीत असे म्हटले.

त्याच वर्षी मराठवाड्यातील एका पित्याने मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. डॉक्टर असलेल्या आपल्या मुलीचा मृत्यू कोविशील्डमुळे झाला असा त्याचा दावा आणि मागणी १००० कोटी रुपयांची. आकडा ऐकून अनेकांनी भुवया उंचावल्या. मला त्या आकड्यात हाव दिसत नाही. जिथे ठरलेला दर नाही, ठरलेली खिडकी नाही, तिथे माणूस दुःखाचा आकडा स्वतःच्या मनाने लावतो. पुण्यात कोविशील्ड म्हणून तयार झालेली लस मूळची ऑक्सफर्ड आणि ॲस्ट्राझेनेकाची. त्याच लशीने रक्ताच्या गुठळ्या होऊन मृत्यू झाल्याचे ज्यांच्या बाबतीत मान्य झाले, त्या ब्रिटनमधल्या कुटुंबांना १९७९च्या कायद्याखाली १ लाख २० हजार पौंड मिळाले. ती रक्कम पुरेशी नाही म्हणून काही जण कंपनीविरुद्ध न्यायालयातही गेले. पण निदान त्यांची पहिली पायरी ठरलेली होती.

५

आता हा दिवाणी दावा विजयदुर्गातल्या एखाद्या घराने करायचा म्हटला, तर काय करावे लागेल? घरातला कर्ता माणूस गेला आहे असे धरू. वारसांना दावा करायचा तो १८५५च्या प्राणघातक अपघात कायद्याखाली. त्याची मुदत मृत्यूपासून दोन वर्षे. त्या मुदतीत समितीचा निष्कर्ष हाती यायला हवा. दावा देवगडला किंवा ओरोसला घालायचा. मागणीच्या प्रमाणात कोर्ट फी भरायची. मग लस बनवणाऱ्या कंपनीविरुद्ध, तिच्याच कारखान्यातल्या नोंदींवरून, निष्काळजीपणा सिद्ध करायचा. रक्तविकारतज्ज्ञ साक्षीला आणायचा. खाली हरले तर अपील. १८ ऑगस्ट २०२५ रोजी उच्च न्यायालयाचे कामकाज कोल्हापुरात सुरू झाल्यामुळे सिंधुदुर्गातल्या माणसाला आता मुंबई गाठावी लागणार नाही, एवढाच दिलासा. मासेमारीवर किंवा कलमांच्या बागेवर जगणाऱ्या घराला हा मार्ग खुला आहे असे म्हणणे म्हणजे किल्ल्याचा दरवाजा दाखवून पायऱ्या काढून घेण्यासारखे आहे.

चुकीशिवाय भरपाईचे तत्त्व आपल्या कायद्याला अनोळखी असते, तर गोष्ट वेगळी. मोटार अपघाताच्या कायद्यात ते १९८२मध्ये आले. भोपाळनंतर, १९९१च्या कायद्याने, घातक रसायने हाताळणाऱ्या कारखान्यांना ते लागू झाले. नसबंदीनंतर मृत्यू झाला तर भरपाई देणारी योजना सरकारने २००५पासून चालवली. औषधांच्या चाचण्यांचे २०१९चे नियम सांगतात की, चाचणीतल्या औषधामुळे स्वयंसेवकाला इजा झाली तर त्याला उपचार आणि भरपाई मिळाली पाहिजे. म्हणजे तीच लस परवाना मिळण्याआधी टोचून घेतली तर भरपाईचा नियम आहे. परवान्यानंतर, सरकारच्याच आवाहनावरून घेतली तर नाही. केरळ उच्च न्यायालयाला हे खटकले असावे. सप्टेंबर २०२२मध्ये त्याने राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला तीन महिन्यांत भरपाईचे धोरण आखायला सांगितले. केंद्र सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले.

६

भरपाईला नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा की, तिने लशीविषयी संशय वाढेल. लोक म्हणतील, धोका नसता तर पैसे कशाला दिले असते? हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. देवी या देशातून गेली, पोलिओ गेला, ते लशीमुळे. आणि कोविडच्या काळात अफवांनीही माणसे मारली. शिवाय कोट्यवधी लोकांना लस दिली की त्यांतले काही जण पुढच्या आठवड्यात हृदयविकाराने, पक्षाघाताने जाणारच होते. त्यांचा लशीशी संबंध नसतो. प्रत्येक मृत्यूला भरपाई देणे हेही सत्याशी प्रतारणा करणे होईल. म्हणूनच निकष हवेत, मुदती हव्यात, इजांचा तक्ता हवा आणि निर्णय करणारे मंडळ लसीकरण चालवणाऱ्या खात्यापासून वेगळे हवे.

पण संशय वाढतो तो कशाने, हे मुल्कोवालनेच दाखवून दिले आहे. चौकशीचे कागद चार वर्षे बाहेर आले नाहीत. त्या काळात एका निरपराध माणसावर किटाळ राहिले आणि लशीवरही राहिले. दोष कोणाचा यावर सगळे अवलंबून असले, की प्रत्येक जण स्वतःचा बचाव करू लागतो. खाते अहवाल दाबते, कंपनी वकील उभा करते, कर्मचारी गप्प बसतो आणि इजा झालेले घर अफवेच्या बाजूला ढकलले जाते. भरपाई दोषापासून वेगळी केली, तर कर्मचाऱ्याला खरे सांगायला भीती उरत नाही. चिमटा जमिनीवर पडला, हे मुल्कोवालच्या त्या मदतनिसाने त्याच संध्याकाळी सांगून टाकले असते, तर हाफकीन यांची पाच वर्षे वाचली असती.

भरपाईने गेलेले माणूस परत येत नाही. तिने फक्त एक गोष्ट मान्य होते : सगळ्यांच्या रक्षणासाठी केलेल्या कामात तुमच्या घराने सगळ्यांच्या वाट्याचे नुकसान सोसले आणि त्याचा हिशेब आमच्याकडे आहे. गंभीर घटनांचा सरकारने दिलेला आकडा २,७८२. त्यांतल्या लशीमुळेच घडलेल्या घटना त्याहून कमीच असणार. २१९ कोटींहून अधिक मात्रा पोहोचवू शकलेल्या देशाला एवढ्या घरांपर्यंत पोहोचणे अवघड नाही. प्रमाण अत्यल्प आहे हे कारण भरपाई नाकारण्यासाठी पुढे केले गेले; वास्तविक ती देणे परवडते, याचेच ते गणित आहे.